एका मण्याचा फरक

प्रथिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डाळ, अंडी व मासळी उभी राहते. परंतु ज्याच्या योगाने रक्त तांबडे दिसते व प्राणवायू सर्वांगास पोहोचतो, ते हिमोग्लोबिनही प्रथिनच होय. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांचे प्रकार सुमारे 20. परंतु कोणत्या मण्यामागून कोणता यावा हे ठरलेले असते, आणि त्या क्रमानुसार माळ दुमडून आपला विशिष्ट आकार धारण करते. त्या आकारावरच तिचे काम अवलंबून असते.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा 4 माळा असतात; दोन 141 मण्यांच्या व दोन 146 मण्यांच्या. सिकलसेल या रोगात 146 मण्यांच्या माळेतील सहावा मणी तेवढा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. पहिल्याचे पाण्याशी सख्य, दुसऱ्याचे वाकडे. म्हणून प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटून त्यांचे लांब दोर बनतात, आणि वाटोळी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून हाडे व सांधे असह्य दुखतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवस. म्हणून अंगात रक्त कमी पडते.

दोष या रेणूतच आहे, हे 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. बदललेला मणी व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिज येथे 1956 व 1957 या वर्षांत शोधून काढला.

महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातील आदिवासी समाजांत हा रोग पुष्कळ आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी 2023 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मूल वारंवार आजारी पडले की पुष्कळदा बोट सुनेकडे दाखविले जाते. हा अन्याय होय. हा रोग होण्यास दोष आई व बाप या दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक होतो व बहुधा निरोगी राहतो. मात्र दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी रोगी मूल होण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून ती घटत नाही.

सोयरीक जुळविताना आपण घर, शेत, शिक्षण सारे विचारतो. जेथे हा रोग आढळतो तेथे रक्ताची ही एक तपासणीही मुलगा व मुलगी या दोघांची करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. आणि कोणी वाहक निघाल्यास त्यास हिणवू नये. आपल्या माळेतील मणी कोणी स्वतः निवडलेले नसतात.