तरुण काळजाची धडधड

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब घ्या, नाहीतर यवतमाळ जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. "छातीत धडधडते", "चार पावले चालले की दम लागतो" ही तक्रार घरोघर ऐकू येते. तक्रार करणारा साठीचा गृहस्थ असला, तर घरची मंडळी त्यास तत्काळ दवाखान्यात नेतात. परंतु तीच तक्रार सोळा वर्षांच्या मुलीने अथवा वीस वर्षांच्या मुलाने केली, म्हणजे तिची वासलात दोन प्रकारे लागते. एक तर "तरण्याताठ्या वयात कसला आला दम?" असे म्हणून मुलीस कामचुकार ठरविण्यात येते, नाहीतर भ्रमणध्वनीवर कोणा तरुणाच्या आकस्मिक मृत्यूचे चलच्चित्र पाहून सगळे घर भयभीत होते. ही हेटाळणी आणि ही भीती, दोन्ही अज्ञानाच्या पोटी जन्मलेल्या आहेत आणि दोन्ही सारख्याच घातक आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम भीतीचा विचार करू. निरोगी प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटास ६० ते १०० पडते. धावल्याने, ताप आल्याने, उन्हात पाणी न प्याल्याने किंवा परीक्षेच्या धास्तीने ती वाढते. हा रोग नव्हे, देहाचा धर्म आहे. मन धास्तावले म्हणजे श्वास भराभर चालतो, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धात तरुण शिपायांना असाच त्रास होत असे. डॉ. दा कोस्टा यांनी अशा तीनशेहून अधिक शिपायांचे निरीक्षण करून १८७१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुष्कळांच्या हृदयात कसलाही बिघाड आढळला नाही, परंतु त्यांचा त्रास मात्र खोटा नव्हता. आजच्या तरुणाची लढाई भरतीच्या मैदानावर, परीक्षेच्या दालनात आणि कर्जाच्या हप्त्यांशी चालते. त्यासही "तुला काही झाले नाही" असे सांगून वाटेला लावणे हा उपचार होऊ शकत नाही.

आता हेटाळणीकडे वळू. आमच्या मुलींच्या दम लागण्याचे एक मोठे कारण हृदयात नसून रक्तात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुलींना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या मुलांतही हे प्रमाण शेकडा ३१ होते. प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते. बाजारात माल पोचवायचा आहे आणि गाड्या कमी आहेत, तर असलेल्या गाड्यांना अधिक खेपा कराव्या लागतात. रक्तक्षयात हृदयाचे तेच होते. सोळा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले, तर तो रक्तक्षय समजावा. दिवसभर कापूस वेचून पुन्हा पाण्याचा हंडा वाहणारी मुलगी धापा टाकत असेल, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिच्या रक्ताचा एक थेंब तपासावा, एवढे तरी न्यायाचे आहे.

विदर्भात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीची आपली निरीक्षणे १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. हा रोग आनुवंशिक आहे. ज्यास तो आई व बाप या दोघांकडून मिळतो, त्याच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात, आणि अशा रुग्णाच्या छातीत दुखून दम लागला तर ती तातडीची बाब असते. लोहाच्या गोळ्यांनी हा रोग बरा होत नाही. म्हणून रक्ताची तपासणी आधी हवी. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मोहिमेचे यश समारंभांवरून नव्हे, तर गावोगाव झालेल्या तपासण्यांवरून मोजले जावे.

तिसरे कारण घशातून येते. ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, उतरतो आणि घरचे विसरून जातात. त्यांपैकी काहींना दोन-चार आठवड्यांनी सांधे सुजून पुन्हा ताप येतो. हा संधिवाताचा ताप सांधे सोडून जातो, परंतु हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवू शकतो. वर्षे लोटतात, आणि मग विशीतल्या सुनेला पहिल्या बाळंतपणात धाप लागते, तेव्हा कुठे निदान होते. आरंभी दिलेले साधे पेनिसिलिन हे संकट टाळू शकते, आणि झडपेस इजा झाली असली तरी ठरावीक अंतराने वर्षानुवर्षे दिलेली त्याची इंजेक्शने पुढील हानी रोखतात.

याखेरीज काही धडधड आपण विकत घेतो. खर्रा हा आमच्या भागातील तरुणांचा सोबती झाला आहे. त्यातील तंबाखू नाडीचा वेग आणि रक्तदाब दोन्ही वाढविते. त्यात जागरण आणि उत्तेजक पेयांची भर पडली, म्हणजे काळजाने तक्रार केली तर नवल काय? आणि २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आम्ही विसरता कामा नये. फवारणीनंतर दम लागला, लाळ व घाम सुटला, बाहुल्या बारीक झाल्या, तर तो थकवा समजून निजविणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय.

मग घाबरावे केव्हा? धावताना वा कष्ट करताना शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर पडले, उताणे निजता येईना, पाय सुजले, स्वस्थ बसले असता धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबू लागली, किंवा घरात कोणी कोवळ्या वयात अकस्मात गेले असेल, तर विलंब न करता डॉक्टर गाठावा. प्रसंग तातडीचा असेल तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. धडधड चालू असतानाच हृदयाचा आलेख काढला, तर निदान बहुधा सोपे जाते.

तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंवरून करोनाच्या लशीविरुद्ध जी हाकाटी झाली, तिचाही येथेच समाचार घेतला पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये १८ ते ४५ वयोगटातील अशा मृत्यूंचा अभ्यास केला. लशीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. करोनामुळे रुग्णालयात राहावे लागणे, घराण्यात आकस्मिक मृत्यू घडलेला असणे, आणि मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत अतिमद्यपान वा अतिश्रम, यांच्याशी धोक्याचा संबंध दिसला. वर्षभर बसून भरतीच्या तोंडावर एकदम जीव तोडून धावणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा.

आमचे मागणे फार मोठे नाही. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची तरतूद आहे. ती तपासणी हजेरीपटावर खूण करण्यापुरती उरू नये. आठवड्याची लोहाची निळी गोळी शिक्षकांनी आपल्यासमोर, पोटभर जेवणानंतर घ्यावयास लावावी आणि तीवर लगेच चहा पिऊ देऊ नये. नाडी मोजावयास एक घड्याळ आणि दोन बोटे पुरतात. ही विद्या प्रत्येक शाळेत शिकविता येईल. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्र केवळ असून भागणार नाही. ते चालविणारा माणूसही जागेवर हवा.

मूल "धडधडते" म्हणाले, तर आईबापांनी त्याची थट्टा करू नये, आकांतही करू नये. त्यास जवळ बसवून त्याच्या मनगटावर हात ठेवावा आणि शांतपणे मोजावे. जी मुलगी एकदा हसण्यावारी नेली जाते, ती पुन्हा तक्रार करीत नाही. आणि तिचे हे मौन आम्हांस तिच्या धडधडीपेक्षा अधिक चिंताजनक वाटते.