घरच्या संगणकावर प्लेअर कोणता असावा?

संगणक विकत घेताना माणसे प्रोसेसरची, मेमरीची आणि पडद्याच्या आकाराची कसून चौकशी करतात, दुकानदाराशी भावासाठी हुज्जत घालतात, आणि घरी आल्यावर मात्र ज्या सॉफ्टवेअरमधून त्या घराची लग्ने, मुंजी, गाण्याच्या बैठका, आजोबांचा आवाज आणि नातवंडांची पहिली पावले पुढची कित्येक वर्षे पाहिली-ऐकली जायची असतात, त्याच्या निवडीचा क्षणभरही विचार करीत नाहीत. जे समोर आले ते चालू केले, नाही चालले तर शेजारच्या मुलाला बोलावले, एवढ्यावर हा प्रश्न निकालात निघतो. माझ्या मते ही उपेक्षा योग्य नाही. घरच्या संगणकावर मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, दुरुस्त करता आणि पुढे चालवता येते आणि जो कोणा एका व्यापारी मंडळीच्या मर्जीवर जगत नाही, असाच प्लेअर असावा; सर्वसाधारण घराने व्हीएलसी घ्यावा, आणि चित्राच्या बारकाव्यांचा ज्याला विशेष शौक असेल त्याने एमपीव्ही घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या मताविरुद्ध सुशिक्षित घरांतून जे आक्षेप ऐकू येतात ते टाकाऊ नाहीत, म्हणून त्यांचा समाचार घेतल्यावाचून मंडनाला अर्थ नाही.

पहिला पूर्वपक्ष असा की, संगणकाबरोबर जो प्लेअर येतो तो पुरेसा आहे. ज्या कंपनीने एवढी मोठी प्रणाली रचली तिला एक चित्रफीत दाखवता येणार नाही काय? येईल, यात शंका नाही. प्रश्न तिच्या सामर्थ्याचा नसून तिच्या हिशेबाचा आहे. फाइलच्या नावापुढे 'एमपी४' किंवा 'एमकेव्ही' अशी जी अक्षरे दिसतात ती केवळ वेष्टनाची असतात. आत चित्र आणि ध्वनी ज्या रीतीने आक्रसून भरलेले असतात ती रीत, म्हणजे कोडेक, निराळी असते, आणि यांपैकी पुष्कळ कोडेकांवर पेटंटधारकांचा हक्क असल्यामुळे प्रत्येक संगणकामागे त्यांना रॉयल्टी मोजावी लागते. हा खर्च डोईजड वाटू लागला तेव्हा मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ च्या साध्या आवृत्तीतून डीव्हीडी दाखवण्याची सोय काढून टाकली, आणि ज्या घरांत डीव्हीडीच्या थप्प्या होत्या त्या घरांना नव्या संगणकाबरोबर ही उणीव पदरात पडली. पुढे २०१३ साली प्रमाणित झालेल्या एचईव्हीसी या कोडेकाची तीच गत झाली: २०१७ नंतरचे आयफोन मूळ रचनेनुसार याच कोडेकात चित्रण करतात, परंतु विंडोजच्या पुष्कळ संगणकांवर ते उघडण्यासाठी निराळी पुरवणी दाम मोजून घ्यावी लागते. रक्कम क्षुल्लक आहे, हे खरे. पण परगावच्या मुलीने पाठवलेल्या बाळाच्या चित्रफितीचा आवाज तेवढा येतो आणि पडदा काळा राहतो, तेव्हा त्या घरातल्या आजीला पेटंटचा कायदा कोण समजावून सांगणार?

सोबत मिळाले म्हणून ते उत्तम, या समजुतीची तपासणी एका मोठ्या न्यायासनापुढेही झालेली आहे. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला, आणि विंडोजला मीडिया प्लेअर जोडून देणे हा बाजारातील वर्चस्वाचा दुरुपयोग ठरवून, प्लेअर वगळलेली आवृत्तीही विक्रीस ठेवण्याचा हुकूम केला. १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम केला. ती प्लेअरविरहित आवृत्ती फारशी कोणी घेतली नाही, ही गोष्ट प्रतिपक्ष आवर्जून सांगेल, आणि ती मला मान्यही आहे. परंतु त्यावरून सोबतचा प्लेअर श्रेष्ठ होता असे सिद्ध होत नाही. कायदा निवडीची मुभा देऊ शकतो, निवड मात्र गृहस्थालाच करावी लागते, एवढेच सिद्ध होते.

दुसरा पूर्वपक्ष पहिल्यापेक्षा अधिक आदरणीय आहे, कारण तो व्यवहारी माणसाच्या अनुभवातून येतो. जे फुकट मिळते त्याची किंमत कोणीतरी कोठेतरी वसूल करतोच, असे तो म्हणतो. महाजालावरील फुकट वस्तूंविषयी ही शंका बाळगणे शहाणपणाचे आहे. पण तिचा रोख कोणाकडे असावा हे इतिहासाला विचारले पाहिजे. १९९९ साली रिअलनेटवर्क्सचा रिअलज्यूकबॉक्स हा प्लेअर श्रोत्यांच्या ऐकण्याच्या सवयींची माहिती त्यांच्या नकळत कंपनीकडे धाडतो असे उघडकीस आले, तेव्हा कंपनीला सुधारणा करावी लागली. २००२ साली विंडोज एक्सपीतील मीडिया प्लेअर पाहिलेल्या डीव्हीडींची नोंद ठेवतो आणि त्यांची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला कळवतो, हे एका सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिले. दोन्ही ठिकाणी मागे धनाढ्य, प्रतिष्ठित मंडळी होती. उलट व्हीएलसी प्रथम उघडताच, गाण्या-चित्रपटांची माहिती महाजालावरून आणू काय, अशी परवानगी विचारतो. त्यात जाहिरात नाही, खाते उघडण्याची सक्ती नाही, आणि यावर विश्वास नसेल त्याने मूळ संहिता उघडून तपासावी, अशी मोकळीक आहे. आपण स्वतः ती तपासणार नाही, हे कबूल. पण जगभरातील तज्ज्ञ ती तपासू शकतात, ही गोष्ट बंद दाराआडच्या आश्वासनापेक्षा शतपटीने भरवशाची आहे.

मग याचा खर्च भागतो कसा? पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली वसतिगृहाच्या जाळ्यावरून दूरचित्रवाणीची चित्रे पाठवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या उद्योगातून जे सॉफ्टवेअर निर्माण झाले ते विद्यालयाच्या संमतीने १ फेब्रुवारी २००१ रोजी जीपीएल या सनदेखाली जगाला खुले करण्यात आले, आणि पुढे त्याचा कारभार व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेकडे आला. तिचे अध्यक्ष जाँ-बातीस्त केंप्फ यांनी, जाहिराती घुसवण्याच्या बदल्यात आलेले कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव आपण नाकारल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. या नकाराचे मोल मला फार वाटते, कारण तो एका माणसाच्या सद्गुणावरच टिकलेला नाही: संहितेचे लेखन अनेकांच्या हातून झाले असल्याने तिचा हक्कही अनेकांत विभागलेला आहे, आणि २०११-१२ मध्ये तिच्या गाभ्याची सनद थोडी सैल करायची झाली तेव्हा एकेका लेखकाचा ठावठिकाणा काढून त्याची लेखी संमती मिळवावी लागली. जी मिळकत एवढ्या हिस्सेदारांची आहे ती रातोरात विकून टाकणे कोणाला साधणार?

तिसरा पूर्वपक्ष आपल्या देशापुरता आहे आणि आजही पुष्कळांच्या मनात घर करून बसला आहे: सरकारनेच ज्यावर बंदी घातली होती तो व्हीएलसी घरात कशाला? वस्तुस्थिती अशी की, फेब्रुवारी २०२२ पासून भारतातील अनेक इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यांवरून व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. ना संस्थेला नोटीस मिळाली, ना तिची बाजू ऐकली गेली, ना कोणते कारण प्रसिद्ध झाले. माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या अर्जालाही संबंधित मंत्रालयाने माहिती उपलब्ध नसल्याचेच उत्तर दिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सिमँटेक या संगणक-सुरक्षा कंपनीने प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात, चीनशी संबंधित मानली जाणारी एक हल्लेखोर टोळी व्हीएलसीच्या अस्सल प्रतीशेजारी स्वतःची विषारी फाइल ठेवून तिच्या आडून संगणकात शिरते असे म्हटले होते; लोकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि प्लेअरच अपराधी ठरवला. वास्तविक ती टोळी आधीच पोखरलेल्या संगणकांवर व्हीएलसीचा बुरखा पांघरीत होती. अखेर ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने व्हिडिओलॅनने कायदेशीर नोटीस बजावली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली.

या प्रकरणाचा मला खेद वाटतो तो एका विशेष कारणाने. संकेतस्थळ बंद होते, प्लेअर नव्हे. ज्यांच्या संगणकावर तो होता त्यांचा तसाच चालू राहिला. नव्याने हवा असणाऱ्याला मात्र अस्सल दार बंद असल्यामुळे परक्या स्थळांकडे वळण्याचा मोह पडत होता, आणि बनावट, जाहिरातींनी किंवा त्याहून वाईट वस्तूंनी भरलेल्या प्रती नेमक्या तेथेच मिळतात. सरकारी हुकुमाने नागरिकांना धोक्याच्या वाटेवर ढकलावे, आणि हुकुमाचे कारणही कोणाला कळू नये, हे लोकशाही राज्यकारभाराला शोभणारे नव्हते.

व्हीएलसीत दोष कधी निघालेच नाहीत, असे मी म्हणत नाही. २०१७ साली चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी, उपशीर्षकांच्या फाइलमधून व्हीएलसी, कोडी आदी प्लेअरांवर हल्ला करता येतो असे दाखवले आणि त्यानंतर दुरुस्त्या प्रसिद्ध झाल्या. २०१९ साली जर्मनीच्या शासकीय संगणक-सुरक्षा पथकाने अतिगंभीर दोषाची हाकाटी केली तेव्हा मात्र, दोष एका त्रयस्थ सॉफ्टवेअर-लायब्ररीतील असून तो सोळा महिन्यांहून अधिक काळ आधीच दुरुस्त झाला होता, असे निष्पन्न झाले. पण हाकाटीने वर्तमानपत्रांत जेवढी जागा अडवली तेवढी खुलाशाला लाभली नाही. यातून घ्यायचा तो बोध अद्ययावत आवृत्ती ठेवण्याचा.

चौथा आक्षेप तरुणांचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त दुखावतो. आता फाइली असतात कोणाकडे? सारे काही प्रवाहातून येते, तेव्हा प्लेअरचा प्रश्नच कालबाह्य झाला, असे ते म्हणतात. चित्रपटांपुरते हे काही अंशी खरे आहे, जरी मासिक वर्गणी भरणाऱ्याची त्या चित्रपटांवर मालकी नसते आणि करार संपताच चित्रपट यादीतून नाहीसा होतो. पण घरच्या आठवणी कोणत्या प्रवाहातून येणार आहेत? महाराष्ट्रातील हजारो कपाटांत २००० सालाच्या आसपासच्या लग्नांच्या व्हीसीडी पडून आहेत. त्यांतील चित्र एमपेग-१ या पद्धतीचे, अवघे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. कोणाकडे जुन्या मोबाइलवर एएमआर स्वरूपात नोंदलेला आईचा आवाज आहे. कोणाकडे एखाद्या खाजगी बैठकीचे कॅसेटवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण आहे, ज्यात गायकाइतकेच तबलजीला दाद देणारे आजोबाही ऐकू येतात. भारतीय गाण्यांच्या एका पिढीतील संकेतस्थळांनी रिअलऑडिओ या स्वरूपात भरून ठेवलेली गाणी अजून कोणाच्या तरी डिस्कवर आहेत. आपल्याकडे मोडी कागदांचे जे झाले तेच यांचे होण्याचा धोका आहे: दफ्तरेच्या दफ्तरे शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणारे मात्र मूठभर. एफएफएमपेग हा २००० साली फाब्रिस बेलार यांनी आरंभलेला मुक्त सॉफ्टवेअर-संच या जुन्या लिप्यांचा वाचक आहे. ज्या कंपन्यांनी आपल्या कोडेकाचे रहस्य कधी सांगितले नाही त्यांच्या फाइलींचे विश्लेषण करून स्वयंसेवकांनी ते उलगडले, आणि व्हीएलसी, एमपीव्ही व त्यांचे बहुतेक भाईबंद त्याच विद्येवर उभे आहेत. कोणत्याही व्यापाऱ्याला हे काम फायद्याचे नव्हते, म्हणूनच ते मुक्तस्रोत मंडळींना करावे लागले.

गाणे शिकणाऱ्याला तर या प्लेअरचा उपयोग रोजचा आहे. द्रुत तान स्वर न ढळता निम्म्या गतीने ऐकता येते, तिचा नेमका तेवढा तुकडा पुनःपुन्हा फिरवता येतो, आणि मंद नोंदलेल्या मैफलीचा आवाज मर्यादेपलीकडे थोडा चढवता येतो. ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी उपशीर्षके मोठी करता येतात, ती मागेपुढे झाली तर एकेका कळीने जुळवता येतात, आणि हार्फबझ या मुक्त अक्षरजुळणी-सॉफ्टवेअरच्या आधारामुळे देवनागरीची जोडाक्षरे मोडत नाहीत.

चित्राच्या रंगछटा व्हीएलसीपेक्षा अन्यत्र अधिक सरस दिसतात, हा रसिकांचा आक्षेप मला अंशतः मान्य आहे, आणि त्यासाठीच मी आरंभी एमपीव्हीचे नाव घेतले. हंगेरीत २००० साली जन्मलेल्या एमप्लेअरच्या कुळातून तो २०१३ साली निघाला आहे आणि त्याची संहिताही खुली आहे. हजारो गाण्यांचा संग्रह लावून ठेवण्यातही व्हीएलसी फारसा तरबेज नाही.

शेवटचा प्रश्न आयुष्याचा: हे स्वयंसेवक उद्या थकले तर? १९९७ साली जन्मलेला विनॅम्प हा प्लेअर एओएल या कंपनीच्या मालकीत गेला आणि २०१३ साली कंपनीने तो बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा कोट्यवधी श्रोत्यांच्या हाती, नवा मालक मिळेपर्यंत, वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते. मीडिया प्लेअर क्लासिक-होम सिनेमाच्या मंडळींनीही मनुष्यबळाअभावी जुलै २०१७ मध्ये काम थांबवले. पण तेथे संहिता खुली होती, दुसऱ्या एका कार्यकर्त्याने ती उचलली, आणि त्या प्लेअरच्या नव्या आवृत्त्या पुढेही येत राहिल्या.

तेव्हा व्हीएलसी घ्यायचा तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, दुसऱ्या कोणी गोळा करून ठेवलेल्या 'कोडेक पॅक'च्या नादी लागू नये. संगणक जुना, अगदी विंडोज एक्सपीचा असला तरी २०१८ साली आलेली व्हीएलसीची तिसरी आवृत्ती त्यावरही चालते. आणि कपाटातल्या व्हीसीडी चाळण्याआधी त्यांतील 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमधल्या 'डॅट' फाइली संगणकावर व एका निराळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण तबकडीवरचा थर वर्षागणिक झिजतो आहे. फाइल एकदा हाती आली की ती व्हीएलसीत थेट उघडते, रूपांतर करावे लागत नाही.