अजून ‘अ’वरच

मोडी शिकायला लागून दीड वर्ष झालं, तरी जुनी चिठ्ठी समोर आली की घाम फुटतो. परवा बायकोने विचारलंच, “कुठवर आलं तुमचं?” मी येरवड्याकडे बोट दाखवलं. तिथल्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचं काम हाती घेतलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून चिठ्ठ्या करण्यातच पंचवीस वर्षं गेली. चिठ्ठ्या झाल्या जवळपास १ कोटी. कपाटांच्या खणांत त्या ओळीने उभ्या आहेत. पहिला खंड निघायला सत्तरचं दशक निम्मं सरलं. आता पस्तीस खंड झालेत आणि कोश अजून ‘अ’वरच आहे. नकाराचा ‘अ’ही त्यातच येतो म्हटल्यावर दुसरं काय होणार! जे तिथे निवृत्त झाले त्यांनी ‘आ’ पाहिलाच नाही, पण एकेका शब्दाचा ऋग्वेदापासूनचा प्रवास मात्र लावून दिला. “त्यांना पगार होता,” बायको म्हणाली. तेही खरंच. काल मात्र एका हिशेबाच्या कागदावर ‘तूप’ हा शब्द न अडखळता वाचला. किती तूप, ते अजून लागत नाहीये.