चाकणच्या पोलोचा अर्धाच इतिहास

मोटारींच्या शर्यतीचे गेम खेळणाऱ्या मुलांना २०१३ च्या ‘डब्ल्यूआरसी ४’ मध्ये किंवा २०१५ च्या ‘डर्ट रॅली’ मध्ये फोक्सवॅगन पोलोची रॅलीसाठी घडवलेली आवृत्ती चालवायला मिळते. सोळाशे सीसीचे टर्बो इंजिन, सुमारे ३१५ अश्वशक्ती, चारही चाकांना जोर. खरी गाडी जानेवारी २०१३ मध्ये माँटे कार्लो रॅलीत पहिल्यांदा उतरली आणि दुसरी आली. पुढच्याच महिन्यात स्वीडनमध्ये ती जिंकली. पदार्पणापासून २०१६ च्या अखेरीपर्यंत जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या ५२ पैकी ४३ फेऱ्या तिने जिंकल्या. २०१४ मध्ये तर १३ पैकी १२! चारही वर्षे चालकाचे विजेतेपद सेबास्तियन ओजिएकडे आणि उत्पादकाचे फोक्सवॅगनकडे राहिले. बर्फावर, खडीवर आणि डांबरावर इतक्या सातत्याने जिंकलेल्या गाड्या रॅलीच्या इतिहासात फार थोड्या आहेत. तिचे हे यश गेमने नव्या पिढीपर्यंत पोहोचवले, आणि ते काम मी मोलाचे मानतो.

पण ज्या पिढीच्या पोलोवर ही गाडी बेतली होती, तीच पिढी डिसेंबर २००९ पासून पुण्याजवळच्या चाकणमधील फोक्सवॅगनच्या कारखान्यात तयार होत होती. ३१ मार्च २००९ रोजी उद्घाटन झालेल्या या कारखान्यात ५८ कोटी युरोंची गुंतवणूक झाली होती. जर्मनीत पोलोची पुढची पिढी आली, तरी चाकणला हीच गाडी २०२२ पर्यंत बनत राहिली. भारतातल्या शर्यतींचे पानही तिच्याच नावावर आहे. २०१० मध्ये पोलो कप सुरू झाला. सगळ्या स्पर्धकांना एकसारखी गाडी, म्हणजे कस चालकाचा. आणि सुरुवातीला त्या गाड्या डिझेलवरच्या होत्या. पुढे पेट्रोलची पोलो आली, मग व्हेंटो आणि नंतर ॲमियो. ही तिन्ही मॉडेल चाकणचीच. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला तरुण चालक याच गाड्यांवर शिकले. यातले काहीही गेममध्ये नाही. गेममध्ये उरलेला पोलोचा इतिहास अर्धाच आहे. उरलेला अर्धा आपल्या चाकण–पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याकडे आहे, आणि तो गोळा करून जतन करण्याची जबाबदारी पिंपरी-चिंचवडने उचलली पाहिजे, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, रॅलीची पोलो हॅनोव्हरच्या कार्यशाळेत घडली, चाकणचा तिच्याशी संबंध काय? आक्षेप रास्त आहे. रॅलीची गाडी तीन दारांची, चाकणची पाच दारांची. इंजिन आणि गिअरबॉक्सचे तर नातेही नाही. चाकणच्या कामगाराने ओजिएची गाडी बांधली, असा दावा कोणी करू नये. मात्र त्या काळी जागतिक रॅलीची गाडी बाजारात विकल्या जाणाऱ्या मॉडेलवरूनच घडवावी लागत असे. स्पर्धेतला विजय कंपनीच्या उपयोगी पडतो तो त्या मॉडेलवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून, आणि भारतात तो विश्वास खरा ठरवणारी गाडी चाकणच्या लाइनवरून उतरत होती. पत्र्याचे जोड, रंग आणि दाराचा तो घट्ट आवाज यांची आठवण काढत लोक आजही जुनी पोलो शोधतात. ही कीर्ती चाकणच्या कामगारांनी आणि सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांनी कमावलेली आहे.

अपुऱ्या इतिहासाचा खरा तोटा पुढच्या प्रकरणात दिसतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघडकीस आला. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारे सॉफ्टवेअर गाड्यांत बसवलेले होते. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत पोलो होती. भारतातले नियम मोडलेले नाहीत, अशी कंपनीची भूमिका होती. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. दरम्यान २ नोव्हेंबर २०१६ रोजी, सलग चौथे विजेतेपद हाती असताना, कंपनीने जागतिक रॅलीतून माघार जाहीर केली. कारण दिले ते विजेच्या गाड्यांकडे वळण्याचे. घोटाळ्याचा प्रचंड आर्थिक भार बाजूला ठेवून हा निर्णय समजून घेता येईल, असे मला वाटत नाही. गेममधली पोलो मात्र कायम जिंकण्याच्या तयारीत उभी आहे. ती का थांबली, हे तिथे कुठेच कळत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तर तेच सर्वांत आधी कळायला हवे. एकाच कंपनीच्या अभियंत्यांनी जगातली सर्वोत्तम रॅली गाडी घडवली आणि त्याच काळात चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअरही रस्त्यावर धावू दिले.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. चाकण चौकातली कोंडी, कंत्राटी कामगारांची अनिश्चितता, औद्योगिक वसाहतीतले खड्डे हे प्रश्न समोर असताना श्रीमंतांच्या खेळाचे दप्तर कशाला सांभाळायचे? हे प्रश्न आधीचे आहेत, यात शंका नाही. पण मला हवे आहे ते करंडकांचे कपाट नव्हे. लाइनवर कोणते काम हाताने व्हायचे आणि यंत्रमानव आल्यावर काय बदलले, मॉडेल बंद झाले तेव्हा पुरवठादारांचे काय झाले, डाय आणि फिक्स्चर कुठे गेले, हे नोंदवले गेले तर ती कामगारांचीच नोंद होईल. कंपनीवर हे सोपवून चालणार नाही. आपल्या विजयांचा इतिहास कंपनी लिहील. दंडाचा आणि कंत्राटी हातांचा लिहील, अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यातही फोक्सवॅगनने आपला हॅनोव्हरचा मोटरस्पोर्ट विभागच २०२० मध्ये बंद करण्याचे जाहीर केले.

यासाठी जागा नव्याने शोधावी लागणार नाही. चिंचवडमध्ये ऑटो क्लस्टर आणि सायन्स पार्क शेजारीशेजारी आहेत. तिथे पोलो कपची एक गाडी, तिच्याशेजारी लाइनवरून उतरलेली साधी पोलो आणि परत बोलावलेल्या गाड्यांतले, कापून उघडे केलेले एक डिझेल इंजिन ठेवता येईल. जवळच गेमचे स्टिअरिंगही हवे, कारण मुले आधी त्याच्याकडेच येतील. लाइनवर काम केलेल्यांच्या मुलाखती मराठीत ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, आणि ते काम लवकर सुरू व्हायला हवे. पोलो बंद होऊन काही वर्षे झाली आहेत. तिच्यावर काम केलेली माणसे दुसऱ्या मॉडेलांवर, दुसऱ्या कारखान्यांत, कोणी गावाकडे निघून गेली आहेत.