घरचा कारखाना : विंधणें कीं पटाशी?

आषाढी एकादशीस पिंप्राळ्यास विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हां दोर ओढणाऱ्यांच्या गर्दींत सांध्यांकडे कोणाचें लक्ष जाणार? तथापि लांकडी सांगाड्याचा सारा भरंवसा सांध्यांवरच असतो. आपल्या घरांतील चौकटी व पलंग यांचीही गोष्ट हीच. एका लांकडास खांच पाडावी आणि दुसऱ्याच्या टोंकाचें कुसूं करून तींत बसवावें, हा सांधा फार जुना व विश्वासाचा. म्हणून मुलामुलींस सुतारकामाची गोडी लावूं इच्छिणाऱ्या गृहस्थांस हत्यारांविषयीं दोन शब्द सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बाजारांत पटाशांचा चकचकीत संच पाहून मोह पडतो. पण पातळ पटाशी कडा साफ करण्यासाठीं असते. खोल खांचेंतील ढलपी तिनें उचकटूं गेल्यास पातें वांकतें, प्रसंगीं तुटतेंही. त्या कामास विंधणेंच घ्यावें. त्याचें पातें बरेंच जाड असल्यामुळें तें ठोक्यासरशी सरळ उतरतें व उचकटतांना डगमगत नाहीं.

संचापेक्षां एकच चांगलें विंधणें बरें. खांचेची रुंदी लांकडाच्या जाडीच्या सुमारें एकतृतीयांश असावी. दीड इंची चौकटीस अर्ध्या इंचाचें विंधणें पुरतें. आंखणी करतांना दोन रेघांमधील अंतर विंधण्याच्या रुंदीइतकेंच धरावें व कुसूंही त्याच मापानें कापावें. धार सुमारें ३० अंशांची ठेवावी, बाभळीसारख्या कठीण लांकडास ३५ अंशांची. ठोकण्यास लांकडी मोगरी घ्यावी. लांकूड घट्ट आवळून ठेवावें. धारेपुढें दुसरा हात कधींही नसावा. जाड तुळईस मात्र प्रथम गिरमिटानें भोकें पाडून मग पटाशीनें कडा साफ करणें सोईचें.

खानदेशांत हा काटेकोरपणा म्हणजे चैन नव्हे. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो व लांकूड आडवें आकसतें. पावसाळ्यांत तेंच फुगतें. सैल सांधा पाचर व सरस घालून दडपला, तर एखादें वर्ष निभावतें. पुढच्या वैशाखांत पलंग करकरूं लागतो. उलट, नेटक्या बसलेल्या कुसवांत आरपार लांकडी खुंटी मारली असेल, तर सरस सुटला तरी सांधा धरून राहतो.

म्हणून प्रथम घरीं आणावें तें एक विंधणें, एक मोगरी व धार लावण्याचा दगड. सागाच्या टाकाऊ तुकड्यावर पांच-दहा खांचा वाया जाऊं द्याव्या. हात बसला म्हणजे मग घराच्या चौकटीस लावावा.