ड्रोनच्या रिमोटची पारख

गेल्या सहामाहींत नववींतील दोघे विद्यार्थी एक वाद घेऊन मजकडे आले. शाळेच्या विज्ञानमंडळासाठीं त्यांनीं मिळून एक लहानसा ड्रोन जोडला होता. आतां त्याला रिमोट कोणता घ्यावा, यावर दोघांचें जमेना. एकाचें म्हणणें, ज्याच्या खोक्यावर अधिक किलोमीटर छापले आहेत तो घ्यावा. दुसऱ्याचें म्हणणें, ज्याची शक्ति अधिक तो घ्यावा. माझ्या मतें दोघेहि चुकत होते. आणि हीच चूक पुष्कळ पालकांचीहि होते, म्हणून हा लेख.

प्रथम त्या किलोमीटरांविषयीं. डीजेआय कंपनीच्या मिनी ४ प्रो या ड्रोनचा पल्ला अमेरिकेच्या नियमांप्रमाणें २० किलोमीटर व युरोपच्या नियमांप्रमाणें १० किलोमीटर असा दिला आहे. यंत्र एकच! फरक आहे तो लहरी किती शक्तीनें सोडाव्या याविषयींच्या कायद्यांत, युरोपांत २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर १०० मिलिवॅटची मर्यादा आहे. त्यांतहि हे आंकडे मध्यें अडथळा नसलेल्या, दुसऱ्या लहरींचा उपद्रव नसलेल्या मोकळ्या जागेचे. शहरी वस्तींत १.५ ते ४ किलोमीटर, आणि इमारत आड आली असतां जेमतेम अर्ध्या किलोमीटरपर्यंत, असेंहि कंपनीनें त्याच तक्त्यांत लिहिलें आहे. पण तितकें खालीं वाचतो कोण?

शक्तीचें म्हणाल तर, अंतर दुप्पट झालें कीं लहरींचा जोर चौथाईवर येतो. म्हणजे दुप्पट पल्ल्यासाठीं चौपट शक्ति खर्चावी लागते.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. आठवड्याच्या बाजारांत उभें राहून मित्राला हांक मारून पाहा. तुमचा आवाज घरीं होता तितकाच मोठा असतो, तरी त्याला ऐकूं जात नाहीं. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा हा असाच बाजार आहे. घरोघरचें वाय-फाय, ब्ल्यूटूथ, स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी, सर्वांची गर्दी तेथेंच. शिवाय ड्रोन जसजसा वर चढतो, तसतशीं गांवांतील अधिकाधिक छपरें त्याच्या दृष्टिपथांत येतात व त्या सर्वांचा गलका त्याच्या कानीं पडतो. खालीं उभ्या असलेल्या मुलाला तो कळतहि नाहीं. यासाठीं रिमोटच्या पडद्यावर नुसता संकेताचा जोर पाहूं नये. पाठविलेल्या शंभर संदेशांपैकीं किती पोहोंचले, हा आंकडा पाहावा. जोर भरपूर असून संदेश गळूं लागले, तर दुसरें कोणी मध्यें बोलत आहे असें समजावें.

चांगला रिमोट या गर्दींतून वाट काढतो ती एकाच लहरीवर न बोलतां, क्षणोक्षणीं लहर बदलून. बदलण्याचा क्रम ड्रोनलाहि ठाऊक असतो. १९४२ सालीं हेडी लामार ही नटी व जॉर्ज अँथील हा संगीतकार यांनीं पाणतीराच्या मार्गदर्शनासाठीं याच कल्पनेचें पेटंट अमेरिकेंत मिळविलें. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ लहरींवर उड्या मारण्याची त्यांची योजना होती. (एका नटीनें व एका संगीतकारानें हें सुचवावें, याचें मला मोठें कौतुक वाटतें.) दुसरी युक्ति सावकाश बोलण्याची. एक्स्प्रेसएलआरएस या सर्वांस खुल्या असलेल्या पद्धतींत सेकंदाला ५०० संदेशांसाठीं जितका जोर पोहोंचावा लागतो, त्याच्या दहाव्या हिश्शावर ५० संदेशांचें काम भागतें. शर्यतीच्या ड्रोनला तो वेग हवा. शाळेच्या मैदानावर कशाला?

परदेशांतून ९१५ मेगाहर्ट्‌झचा रिमोट मागविणाऱ्या पालकांस एवढेंच सांगतों, कीं त्याच्या लहरी आपल्याकडील मोबाईल फोनच्या पट्ट्यावर चढतात.

हें इतक्या आग्रहानें लिहिण्याचें कारण आहे. गतवर्षीं एका लग्नास गेलों असतां छायाचित्रकाराचा ड्रोन मांडवामागें गेला. आड पत्रे आले आणि संबंध तुटला. असे ड्रोन संबंध तुटतांच ठरविलेल्या उंचीवर चढून, निघाले तेथें सरळ परत येतात. पण ती उंची वाटेंतील आंब्याहून कमी ठरविलेली होती. ड्रोन फांदीवर आपटून मुलांच्या पंगतीमागें पडला. चार हात अलीकडे पडता, तर काय झालें असतें तें सांगावयास नको.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मीं ड्रोन उडवूं दिला नाहीं. पंखे काढून एकानें तो हातांत धरला व दुसऱ्यानें उसने आणलेले दोन रिमोट पाळीपाळीनें चालविले. मैदानावर दोहोंत कांहीं फरक दिसेना. संध्याकाळीं वसतिगृहाच्या भिंतीआड मात्र मोठ्या आंकड्यांचा रिमोट संदेश गाळूं लागला, आणि स्वस्तांतला टिकून राहिला. मग मुलानें सहज त्या महागड्या रिमोटची अँटेना वळविली. तोंवर तिचें टोंक थेट ड्रोनकडे रोखलेलें होतें, आणि टोंकाच्या दिशेला लहरी सर्वांत क्षीण असतात. गळणारे संदेश बरेच कमी झाले. दोघांचा वाद पुन्हां सुरू झाला. या खेपेस तो वहींत लिहिलेल्या आंकड्यांवरून होता.