कशावरून?

गेल्या हिवाळ्यात आपल्या वसतिगृहातून दहावी झालेली एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती आता जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘सर, आमचा सेमिनार आहे. छापून आलेला एक शोधनिबंध वाचून सर्वांसमोर मांडायचा आहे. तुम्ही याल ना?’ इतिहास शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला जीवशास्त्राच्या सेमिनारमध्ये काय कळणार, असा संकोच वाटला. परंतु आपल्या लेकरांनी बोलावले की जायचे असते.

तिने सिकलसेल या रक्तविकारावरील निबंध निवडला होता. तो का निवडला, हे तिने सांगितले नाही. मला ते ठाऊक होते. येथे लिहिण्याचे कारण नाही. पडद्यावर एकामागून एक स्लाइड येत होती आणि ती त्यावरील इंग्रजी वाक्ये स्पष्ट आवाजात वाचीत होती. शेवटच्या स्लाइडवर निष्कर्ष होता : भारतातील सिकलसेल हा आफ्रिकी वंशाच्या लोकांतील सिकलसेलपेक्षा सौम्य असतो. टाळ्या झाल्या. मी हात वर केला आणि विचारले, ‘बेटा, हे कशावरून? त्यांनी कोणते रुग्ण पाहिले होते?’ तिने आपल्या प्राध्यापकांकडे पाहिले. ते म्हणाले, ‘निबंध नामांकित नियतकालिकात आलेला आहे. म्हणजे तो तपासलेलाच असणार.’ पुढच्या विद्यार्थ्याचे नाव पुकारले गेले.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिने मेहनत केली होती. शोधनिबंध मांडणे म्हणजे त्याचे पठण करणे, असेच तिला शिकविले गेले होते. माझे मत याच्या उलट आहे. निबंध मांडणे म्हणजे तो तपासणे होय. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना तर हा तपास कोणाहीपेक्षा अधिक गरजेचा आहे.

हे मत मी माझ्या पदरचे सांगत नाही. आपल्या चळवळीच्या मुळाशीच एक चर्चासत्र आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या काळी या विषयावर सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर यांची मते प्रमाण मानली जात. रिस्ले तर १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. सरकारी शिक्क्याचे पांडित्य त्यांच्याकडे होते. बाबासाहेबांनी या चौघांच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवल्या, प्रत्येकाला काय गवसले आणि काय निसटले ते दाखविले. केतकरांना त्यांनी योग्य तो मानही दिला. मात्र त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे नजरेस आणून दिले. जातीबाहेर विवाह न करण्याची रूढी हाच जातीचा गाभा होय, हा त्यांचा सिद्धांत या तपासातून निघाला. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. छापील मतांना प्रश्न विचारणारा विद्यार्थी एका वर्षात स्वतः छापला गेला.

त्याही आधी अडीच हजार वर्षे मागे गेलो तर केसपुत्ताचे कालाम भेटतात. नाना मतांचे उपदेशक येऊन जात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणे. तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा, हा त्यांचा प्रश्न होता. परंपरा आहे, ग्रंथात आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, ही दृष्टी तथागतांनी त्यांना दिली. आज नामांकित नियतकालिक हाही एक ग्रंथच झाला आहे. मनुस्मृतीत लिहिले आहे म्हणून न मानणारे आपण, निबंधात लिहिले आहे म्हणून मानू लागलो, तर आपण फक्त पोथी बदलली असे होईल.

पंधरा दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. ‘सर, मी मागे मागे शोधत गेले. त्या निबंधाने ज्या जुन्या निबंधाचा आधार घेतला होता, त्यातले रुग्ण ओडिशाचे आहेत.’ तिच्या आवाजात त्या दिवशी जी उमेद होती, ती सेमिनारच्या टाळ्यांत नव्हती.

तिने शोधले ते खरे होते. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात ओडिशातील सिकलसेल रुग्णांची जमैकातील रुग्णांशी तुलना करणारा निबंध आला. ओडिशाच्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त होते आणि त्यांचा आजार काही बाबतींत सौम्य दिसत होता. निबंध चुकीचा नव्हता. परंतु हातोहात जाता जाता ‘ओडिशातील हे रुग्ण’ गळून पडले आणि ‘भारतातील सिकलसेल’ उरला. पुढे नागपूरच्या रुग्णालयांतील बालरुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा विदर्भातील अनेक मुलांना या आजाराच्या तीव्र वेदना, संसर्ग आणि वारंवार रक्त चढविण्याची वेळ सोसावी लागते, हे दिसून आले. आपल्या पूर्व विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, आणि गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत हा आजार आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे ग्रस्त, ही अक्षरे आपल्या खेड्यांतील निरक्षर आजीलाही कळतात. रात्री हातपाय धरून रडणाऱ्या मुलाच्या आईला ‘आपल्याकडचा आजार सौम्य असतो’ असे कोणी पुस्तकाच्या आधारे सांगितले, तर ‘कशावरून?’ हा प्रश्न त्या आईचा आहे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यात ओळखीचे काही दिसते. साधन हाती आले की आम्ही विचारतो : लिहिणारा कोण, कोठे, केव्हा, कोणासाठी, आणि या कागदात कोण नाही? दवाखान्यातील नोंदवहीत जगून दवाखान्यापर्यंत पोहोचलेले लोक असतात. जे मूल भामरागडच्या किंवा जिवतीच्या एखाद्या पाड्यावर निदान होण्याआधीच गेले, ते कोणत्याच तक्त्यात नाही. आपल्या पूर्वजांचा इतिहास राजांच्या शिलालेखांत सापडत नाही, हे ज्याला कळले, त्याला नमुन्यातून गळालेले रुग्णही कळतात. विज्ञान आणि इतिहास यांची शिस्त येथे एक होते.

सिकलसेलचा इतिहासच वर्गात शिकविण्याजोगा आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे दाखविले. काही वर्षांत इन्ग्रॅम यांनी बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या स्थानी एकाच आम्लाची अदलाबदल झालेली असते, हे शोधले. १९५४ साली ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत पाहणी करून, वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते, असे मांडले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांच्या ‘लॅन्सेट’मधील निबंधाने मध्य भारतात, हा गुणधर्म नोंदला गेला.

या निबंधांची साखळी जो विद्यार्थी समजून घेईल, त्याला आणखी एक गोष्ट उमगेल. हा आजार कोणाच्या पूर्वकर्माचे फळ नाही, कोणत्या जातीच्या रक्ताचा कलंकही नाही. जेथे डास आणि मलेरिया होते, तेथे हे जनुक टिकले. आणि जातीतच लग्न करण्याच्या रूढीने ते ठरावीक समाजांत साचून राहिले. १९१६ च्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी ज्या रूढीवर बोट ठेवले, तिची खूण आपल्या रक्ततपासणीच्या अहवालात दिसते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाआधी कळणे म्हणूनच महत्त्वाचे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. अभियानाची पत्रके गावोगाव वाटली जातील. ती समजावून सांगणारा तरुण गावातला असेल, तरच ती घरात पोहोचतील.

दुसरे उदाहरण याच मातीतले आहे. डिसेंबर १९९९ मध्ये डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’मधील सहकाऱ्यांचा नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीवरील निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली. ४७ गावे तुलनेसाठी होती. काळजी घेतलेल्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. २०११ पासून देशभरातील आशाताई जे काम करू लागल्या, त्याच्या मुळाशी हा निबंध आहे.

त्यालाही प्रश्न विचारता येतात, विचारले पाहिजेत. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. मग दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते काय? निबंधातच आधीच्या वर्षांचे दोन्हींकडचे आकडे, ६२ आणि ५८, दिलेले आहेत. वाचकाने तपासावे म्हणूनच ते दिलेले असतात. चिकित्सा म्हणजे दोष काढणे, हा गैरसमज येथे दूर होतो. चांगला निबंध प्रश्नांतून अधिक उजळून निघतो. आणि हेही ध्यानात ठेवावे की ८६ गावांतील मायबापांनी आपल्या बाळांचे जन्म आणि मृत्यू मोजू दिले, म्हणून तो निबंध झाला. त्यांच्या पुढच्या पिढीने तो वाचणे हा हक्क आहे. आजवर आपण निबंधांतील आकडे होतो. आता वाचक व्हावे, मग लेखक.

यावर आक्षेप येतात. पहिला, पदवीच्या मुलांना हे झेपणार नाही. ज्याला ‘किती जण पाहिले, कोणते पाहिले, कोणाशी तुलना केली, दुसरे कारण असू शकते काय’ हे चार प्रश्न विचारता येतात, त्याला सुरुवात झेपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली आहे. चौथ्या वर्षी एकदम धावता येण्यासाठी पहिल्या वर्षी चालायला हवे. दुसरा आक्षेप इंग्रजीचा. निबंध इंग्रजीत असेल. चर्चा मराठीत, गोंडीत, माडियात का होऊ नये? वाक्य पाठ करणाऱ्यापेक्षा ते आपल्या भाषेत सांगणाऱ्याला ते अधिक समजलेले असते. तिसरा, आपल्याकडे नियतकालिके कोठे आहेत? १८७५ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी निबंध वाचण्याचे मंडळ काढले, ते महागडी नियतकालिके एकट्याला परवडत नव्हती म्हणून. गरिबीतूनच ही पद्धत वाढली आहे. आज तर अनेक निबंध मोबाइलवर विनामूल्य मिळतात, आणि २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आपल्या गडचिरोलीतच आहे.

आपल्या शाळेने वाट पाहू नये. नववी-दहावीच्या वर्गांनी दर सत्रात एक निबंध घ्यावा. शिक्षकाने त्याचा मराठी सारांश करावा. मांडणाऱ्याइतकेच गुण विचारणाऱ्यालाही द्यावेत. शिक्षकाला उत्तर येत नसेल तर त्याने फळ्यासमोर उभे राहून ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असे म्हणावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : सिकलसेलवर चर्चा करताना वसतिगृहातील कोणत्याही मुलाचा ‘पॅटर्न’ वर्गात उघड होता कामा नये. प्रज्ञेला करुणेची जोड नसेल तर ती आपल्या धम्माची प्रज्ञा नव्हे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्या मैदानावर उभे असलेल्या आपल्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती. तरीही शतकानुशतके प्रमाण मानलेल्या ग्रंथांना त्यांनी त्या दिवशी ‘कशावरून?’ असे विचारले आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ते ग्रंथ मागे ठेवले. त्यांची नातवंडे आज प्रयोगशाळेत आहेत. तेथेही त्यांनी हाच प्रश्न विचारावा, आणि तो विचारण्याची सवय त्यांना आपल्या या शाळेतच लागावी.